रीळ जसं आहे तसं देणारं दुकान

जुन्या फिल्म डिजिटल करून देणाऱ्या जळगावातल्या या दुकानाला माझे पाचपैकी पाच तारे.

धाकटे काका, आमचे नाना, अमेरिकेत शिकत होते. सुट्टीत आले तेव्हा त्यांनी सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा सुपर ८ वर, म्हणजे घरगुती चित्रीकरणाच्या छोट्या फिल्मवर, टिपली. (सारंगखेडा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं.) तापीकाठचा घोडेबाजार, धूळ, फेटे, आणि गर्दीत गॉगल लावलेला एक गोरा पाहुणा, डोळ्याशी काहीतरी काळं, चपटं धरलेला. मागे एका मोठ्या शहरातून हे रीळ ‘फोर-के’ करून, म्हणजे सॉफ्टवेअरनं चित्र जास्त स्पष्ट करून आणलं, तर त्याच्या हातात चक्क स्मार्टफोन! गुळगुळीत, गोल कडांचा. पुतण्या म्हणाला, मध्ये नवा तुकडा घुसवलाय. नाना संतापले, “मोबाईल नही शे रे भो तो, कॅमेरा शे!” पण नानांच्या शब्दावर घरात कुणी विश्वास ठेवेना, आणि ते मला फार लागलं.

इथल्या दुकानदारभाऊंनी आधी रिळाचा वास घेतला. शिरक्यासारखा आंबूस वास आला तर फिल्मचं ॲसिटेट (तिचा प्लास्टिकसारखा पाया) कुजायला लागलेलं असतं, आणि तशी आक्रसलेली फिल्म दातेरी चाकावर चढवली की फाटते. पत्र्याच्या पेटीत इतके उन्हाळे काढूनही आमचं रीळ शाबूत होतं. मग तो भाग लाइट बॉक्सवर ठेवून भिंगाखाली पाहिला. तुकडा घुसवला असता तर सांधा दिसला असता. सांधा नव्हता.

पुढचं काम मला सगळ्यात आवडलं. त्यांनी फिल्म काठासकट स्कॅन केली. फिल्म बनवणारी कोडॅक कंपनी काठावर छोट्या आकृत्या छापायची, त्यावरून फिल्म बनल्याचं साल कळतं. त्या आकृत्या दर २० वर्षांनी पुन्हा येत, म्हणून आमच्या फिल्मचं साल १९५४ किंवा १९७४ निघालं. पण सुपर ८ बाजारात आलं १९६५ मध्ये, म्हणजे १९७४ च.

आणि तो ‘मोबाईल’? सॉफ्टवेअरनं न सुधारलेल्या स्कॅनमध्ये, दाणेदार चित्रात, त्या चपट्या वस्तूच्या टोकाला एक चौकोनी ठोकळा स्पष्ट दिसतो. तो मॅजिक्यूब, म्हणजे फ्लॅशचा ठोकळा. चार बाजूंना चार बल्ब, एकेक वापरून फिरवायचा. १९७२ मध्ये कोडॅकनं पॉकेट इन्स्टामॅटिक काढला, ११० फिल्मचा, लांबट आणि खिशात मावणारा. बरोबर तसाच. शिवाय माणसानं तो डोळ्याला टेकवलाय. मोबाईलनं फोटो काढताना कोण असं करतं? आधीच्या फाइलमध्ये एआयनं आपल्या ओळखीच्या चित्रांवरून अंदाज बांधून तो ठोकळाच पुसून टाकला होता. फिल्म खरी होती, खोटेपणा त्या ‘सुधारणेत’ होता.

पुतण्यानं कॅनडातल्या १९४१ च्या पुलाच्या कार्यक्रमाचा तो प्रसिद्ध फोटोही दाखवला, गॉगल आणि कॅमेरावाल्या माणसाचा, ज्याला लोक ‘भविष्यातून आलेला’ म्हणतात. तशा हातात मावणाऱ्या घडीच्या कॅमेऱ्यांची विक्री त्या काळात सर्रास होती, हे दुकानदारभाऊंनी त्याला शांतपणे समजावलं. गिऱ्हाईक थांबलेलं असताना एवढा वेळ कोण देतं!

वेग सेकंदाला १८ फ्रेमच ठेवलाय, त्यामुळे घोडे घोड्यांसारखे चालतात, उड्या मारत नाहीत. कोडाक्रोम या कोडॅकच्या रंगीत फिल्ममुळे फेट्यांचा लाल रंग अजून ताजा आहे.

तक्रार एकच, काम फार उशिरा मिळतं आणि फोन पटकन उचलत नाहीत. जिना अरुंद आहे, वयस्कर माणसांना खालीच बसवा. दर फुटावर आहे, म्हणून रिळं मोजून न्या.

नेताना तीन गोष्टी सांगायच्या: काठासकट स्कॅन, मूळ वेग, आणि एआय अजिबात नको. ते स्वतःही विचारतात, तरी सांगाच. मूळ रीळ परत घ्यायला विसरू नका. आमचं रीळ आता नानांच्या कपाटात आहे, पुतण्यानंच नेऊन दिलं.