एडिटिंग मशीनसाठी कार्ड कोणतं घ्यावं? डेकलिंक मिनी मॉनिटर ४के आणि इतर पर्याय

टेपचा जमाना होता तेव्हा एडिट मशीनमधलं व्हिडिओ कार्ड आधी कॅप्चरसाठी लागायचं. आता शूटिंग मेमरी कार्डावर आणि एसएसडीवर फाइल होऊनच येतं. तरीही बरेच जण सवयीने इन-आउट दोन्ही असलेलं महाग कार्ड घेतात आणि त्याचं इनपुट वर्षानुवर्षं धूळ खात पडतं. बहुतेक एडिट सूटना आज फक्त आउटपुट लागतं, म्हणजे टाइमलाइनवरचं चित्र बाहेरच्या मॉनिटरवर दाखवणं, आणि त्यासाठी ब्लॅकमॅजिक कंपनीचं डेकलिंक मिनी मॉनिटर ४के हे आमच्या मते सगळ्यात सरळ उत्तर आहे. मुख्य मर्यादा २१६०पी३०, म्हणजे ४के (यूएचडी) चित्र सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच. तिच्या आत काम बसत असेल तर जास्त पैसे घालू नका.

ग्राफिक्स कार्डाला दुसरा मॉनिटर जोडला की भागतं, असं अनेकांना वाटतं. ऑफलाइन एडिटला, म्हणजे नुसत्या कापाकापीला, भागतंही, रंगाच्या कामाला नाही. त्या वाटेने जाणाऱ्या चित्रात ऑपरेटिंग सिस्टिमचं कलर मॅनेजमेंट आणि डिस्प्ले ड्रायव्हर दोघेही हात घालतात. डेस्कटॉप ६० हर्ट्झवर चालतो आणि आपली टाइमलाइन २५ फ्रेमची. ६० ला २५ ने नीट भाग जात नाही, त्यामुळे काही फ्रेम दोनदा दिसतात, काही तीनदा, आणि संथ पॅनमध्ये झटके जाणवतात. दोष कॅमेऱ्याचा की प्लेबॅकचा हे कळत नाही, आणि एडिटर नसलेली चूक दुरुस्त करत बसतो. १०८०आय५० मध्ये डिलिव्हरी असेल तर प्रकरण आणखी अवघड, कारण डेस्कटॉपवर खरी इंटरलेस्ड फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं) दिसतच नाहीत. फील्ड उलटी पडली तर ते चॅनलच्या क्यूसीमध्ये (दर्जा तपासणीत) उघडकीला येतं. कार्ड मात्र टाइमलाइनच्या फ्रेमरेटनेच, १०-बिट ४:२:२ सिग्नल (रंगाची पुरेशी बारकाई ठेवणारा व्यावसायिक दर्जा) थेट मॉनिटरला देतं.

मिनी मॉनिटर ४के वर एक ६जी-एसडीआय (व्यावसायिक उपकरणांची बीएनसी केबलवरची जोडणी) आणि एक एचडीएमआय आउटपुट आहे, दोन्ही एकाच वेळी चालतात. एसडीआय ग्रेडिंगच्या (रंग ठरवण्याच्या) मॉनिटरला आणि एचडीएमआय क्लायंटच्या टीव्हीला, अशी विभागणी सोयीची पडते. कार्ड लो-प्रोफाइल असल्याने छोट्या कॅबिनेटमध्येही बसतं. ते पीसीआय एक्सप्रेस जनरेशन २ चं, ४ लेनचं (लेन म्हणजे डेटा वाहणारी वाट) आहे, आणि सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. १६ लेनच्या लांबीची फट दिसली म्हणजे आत १६ लेन जोडलेल्या असतातच असं नाही. अनेक मदरबोर्डवर खालच्या लांब फटीत ४ किंवा एकच लेन असते. काहींवर एम.२ ची एखादी जागा भरली की तीच फट बंद पडते, आणि ड्रायव्हरला कार्ड दिसेनासं होतं.

हिशोब करून बघा. १०-बिट ४:२:२ मध्ये १०८०पी२५ ला सेकंदाला सुमारे १३८ एमबी लागतात, २१६०पी२५ ला सुमारे ५५३. जनरेशन २ ची एक लेन कागदावर ५०० एमबी देते, प्रत्यक्षात त्याहून कमी. म्हणजे एकाच लेनच्या फटीत एचडी बिनधास्त चालेल आणि यूएचडी सुरू केलं की फ्रेम गळायला लागतील. बोर्ड जनरेशन ४ चा असला तरी फरक पडत नाही, कारण कार्ड जनरेशन २ च्याच वेगाने बोलतं. तेव्हा मदरबोर्डच्या मॅन्युअलमधला लेनचा तक्ता आधी वाचा, कार्डाची ऑर्डर नंतर द्या.

या कार्डाला रेफरन्स इनपुट, म्हणजे सगळ्या उपकरणांना एकाच तालावर ठेवणारा सिग्नल घेण्याची सोय, नाही. एकट्या सूटमध्ये त्याची उणीव जाणवत नाही. स्विचर, राउटर आणि सगळी यंत्रणा ब्लॅकबर्स्टवर (अशाच एका ताल देणाऱ्या सिग्नलवर) लॉक असलेल्या ठिकाणी जाणवेल. यूएचडी ५०पी किंवा ६०पी एकाच एसडीआय केबलवर करायचं असेल तर १२जी-एसडीआय लागतं, आणि मग डेकलिंक ४के एक्स्ट्रीम १२जी सारख्या १२जी मॉडेलकडे जावं लागतं. ती ८ लेनची कार्डं आहेत, म्हणजे ग्राफिक्स कार्डाबरोबर लेनची वाटणी पुन्हा मांडावी लागेल.

सॉफ्टवेअर कोणतं वापरता यावर अर्धा निर्णय होतो. दाविंची रिझॉल्व्ह व्हिडिओ आउटपुटसाठी ब्लॅकमॅजिकचीच उपकरणं ओळखतं. त्यामुळे रिझॉल्व्हवाल्याने प्रतिस्पर्धी आजा (AJA) कंपनीचं कार्ड कितीही आवडलं तरी घेऊ नये. प्रीमिअर, एव्हिड किंवा फायनल कट वापरणाऱ्याला दोन्ही कंपन्या मोकळ्या आहेत. आजाचं टी-टॅप प्रो थंडरबोल्ट ३ वर १२जी-एसडीआय आणि एचडीएमआय २.० देतं, म्हणजे ५०पी आणि ६०पी यूएचडी. लॅपटॉपवर फक्त एचडी बघायचं असेल तर ब्लॅकमॅजिकचं अल्ट्रास्टुडिओ मॉनिटर ३जी पुरेसं आहे. वीज ते केबलमधूनच घेतं. त्याआधीचं अल्ट्रास्टुडिओ मिनी मॉनिटर जुन्या बाजारात स्वस्तात मिळतं, पण ते १०८०पी५० देत नाही. आणि दोन्हींना थंडरबोल्टच लागतं. नव्या उपकरणाचा प्लग यूएसबी-सीसारखाच दिसतो, म्हणून साध्या यूएसबी-सी पोर्टात तो बसतो, पण चालत काहीच नाही. पोर्टाजवळ विजेची खूण आहे का ते बघा.

जोडणीत आधी ब्लॅकमॅजिकचा डेस्कटॉप व्हिडिओ ड्रायव्हर टाका, मशीन रीस्टार्ट करा, मग एडिटिंग सॉफ्टवेअर उघडा. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्टचा फ्रेमरेट पहिली क्लिप आणण्याआधीच २५ करा, नंतर तो बदलता येत नाही. व्हिडिओ मॉनिटरिंगमध्ये फॉरमॅट टाइमलाइनशी जुळणारा, बिट डेप्थ १० आणि डेटा लेव्हल व्हिडिओ ठेवा. प्रीमिअरमध्ये प्लेबॅकच्या प्रेफरन्समध्ये जाऊन मर्क्युरी ट्रान्समिट (बाहेरच्या कार्डाकडे चित्र पाठवणारी सोय) चालू करावं लागतं, तोवर कार्ड मुकंच राहतं.

काळा रंग राखाडी दिसला किंवा सावल्या गिळल्या गेल्या, तर ग्रेड बदलू नका, आधी लेव्हल तपासा. १०-बिट व्हिडिओ लेव्हलमध्ये काळा ६४ वर आणि पांढरा ९४० वर असतो. कार्ड या हिशोबाने पाठवतंय आणि टीव्ही फुल रेंज समजतोय, असं झालं की चित्र धुवट दिसतं. उलटं झालं की सावल्या काळ्याठिक्कर. टीव्हीची ब्लॅक लेव्हल हाताने लिमिटेडशी जुळवा, ऑटोवर सोडू नका. १०८०पी५० ला एसडीआय मॉनिटर काळा राहिला आणि १०८०आय५० ला नीट दिसला, तर बहुतेक वेळा ३जी-एसडीआयच्या लेव्हल ए आणि लेव्हल बी (सिग्नल पाठवण्याच्या दोन पद्धती) यांचा गोंधळ असतो. डेस्कटॉप व्हिडिओ सेटअपमध्ये तो पर्याय बदलून बघा.

केबल ७५ ओमचीच घ्या. ५० ओमची आरएफ केबलही बीएनसीचीच असते आणि सारखीच दिसते. एचडीला ती कधी चालून जाते, पण ६जी ला चित्रात ठिणग्या दिसतात किंवा सिग्नल अधूनमधून जातो, आणि लोक कार्डाला दोष देतात. टीव्हीवर ओठ आणि आवाज जुळत नसतील तर टीव्हीचा गेम मोड लावा, आवाजही कार्डातूनच पाठवा. स्पीकर कॉम्प्युटरच्या साउंड कार्डावर ठेवायचे असतील तर प्रीमिअरच्या प्लेबॅक सेटिंगमधला मिलिसेकंदाचा ऑफसेट वापरा.

कॅप्चर खरंच लागतं ते जुन्या टेपा डिजिटल करणाऱ्यांना. लग्नाच्या व्हीएचएस, बीटाकॅम, डिजिबीटा. त्यांच्यासाठी मिनी रेकॉर्डर ४के घेऊ नका, कारण त्यावर अ‍ॅनलॉग इनपुट नाही आणि टेप डेक कॉम्प्युटरवरून चालवणारी आरएस-४२२ जोडणीही नाही. डेकलिंक स्टुडिओ ४के वर ब्रेकआउट केबलमधून अ‍ॅनलॉग कॉम्पोनंट, कंपोझिट, एस-व्हिडिओ, बॅलन्स्ड ऑडिओ आणि आरएस-४२२ सगळं मिळतं. व्हीएचएसचा सिंक डळमळीत असतो, म्हणून डेक आणि कार्डाच्या मध्ये टाइम बेस करेक्टर (असा सिग्नल स्थिर करणारं यंत्र) हवाच. नाहीतर टेपच्या जोडावर कार्डाचा सिंक तुटतो, फ्रेम जातात आणि तिथून पुढे आवाज सरकत जातो. पाल (आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत) डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी येतं, डिजिबीटामध्ये वरचं. सिक्वेन्समध्ये हे उलटं लागलं तर हलणाऱ्या कडा थरथरतात. एचडीएमआय इनपुटला सेट-टॉप बॉक्स लावून काळा पडदा आला तर कारण बहुधा एचडीसीपी (कॉपी रोखणारं संरक्षण) असतं, कार्ड बदलून तो प्रश्न सुटत नाही.

अनकंप्रेस्ड १०-बिट पालला ताशी सुमारे १०० जीबी जागा लागते, १०८०पी२५ ला सुमारे ५००. १०८०पी२५ एकाच हार्ड डिस्कवर घेत असाल तर रिकाम्या डिस्कवर ते सुरळीत चालतं आणि डिस्क भरत आली की फ्रेम गळतात, कारण डिस्कच्या आतल्या ट्रॅकवर वेग बराच कमी होतो. स्वस्त एसएसडीचंही असंच, तिची कॅश संपली की लेखनाचा वेग कोसळतो. प्रोरेस ४२२ एचक्यू या कंप्रेस्ड फॉरमॅटमध्ये घेतलं तर १०८०पी२५ ला सेकंदाला १८४ मेगाबिट, म्हणजे ताशी सुमारे ८३ जीबी, आणि मग साधी डिस्कही पुरते.