वेगात खोली मोजताना: ट्रान्सड्युसर मागच्या फळीवर की तळाच्या आत?

ट्रान्सड्युसर म्हणजे खोलीमापकाचा तो भाग, जो पाण्याच्या तळाकडे ध्वनी सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी टिपतो. १५ मीटर पाण्यात प्रतिध्वनी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात परततो आणि तेवढ्या वेळात २० नॉट वेगाची होडी जेमतेम २० सेंटिमीटर पुढे सरकते. म्हणजे खोलीचा आकडा बिघडण्याचे कारण वेग नसून ट्रान्सड्युसरच्या तोंडाशी येणारे हवेचे बुडबुडे हे आहे.

मागच्या फळीवर बसवलेला ट्रान्सड्युसर स्वस्त असतो आणि त्यासाठी होडीच्या तळाला भोक पाडावे लागत नाही. मात्र तळावरच्या पट्टीच्या किंवा रिव्हेटच्या रेषेत तो आला, तर होडी वेगाने पाण्यावर उचलली जाताच तिथून येणाऱ्या बुडबुड्यांमुळे पडद्यावरचा आकडा लुकलुकू लागतो.

तळाच्या आत इपॉक्सीने चिकटवलेला ट्रान्सड्युसर फायबरमधूनच ध्वनी पाठवतो. त्यात थोडी ताकद खर्च होते, पाण्याचे तापमानही थेट कळत नाही. पण उथळ खाडीत वेगाने शिरताना स्थिर आकडाच हवा असतो, म्हणून भरीव फायबरच्या होडीसाठी मी हाच निवडेन. तळात फोम किंवा लाकडाचा थर असल्यास असा ट्रान्सड्युसर निरुपयोगी ठरतो. चिकटवण्यापूर्वी पाणी भरलेली प्लास्टिकची पिशवी तळाशी ठेवून, तिच्यावर ट्रान्सड्युसर दाबून जागा अवश्य तपासावी.