फेंडरची कड: वळवायची की कापायची?

स्विफ्टचा १८५/६५ आर १५ काढून २०५/५५ आर १६ चढवला की टायर २ सेंटिमीटर रुंद होतो आणि साधारण १ सेंटिमीटर उंच. एकट्याने गाडी चालवताना काही कळत नाही. मागे आई-बाबा, डिकीत सामान आणि कात्रजच्या जुन्या घाटात वळणावरच खड्डा आला, की मागच्या चाकातून खर्रर्र! टायर फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, आत दुमडलेल्या कडेला घासतो. "काही तुटलं का रे?" हे तीनदा ऐकल्यावर मी डेंटरकडे गेलो.

जुना अरुंद टायर परत घालणं हा शहाण्यांचा पर्याय. पण शहाणे लोक इथपर्यंत वाचत नसतील.

आधीच्या गाडीची कड मी कापून घेतली होती. काम झटपट होतं, पैसे कमी लागतात, आणि खरं सांगायचं तर जागाही रोलपेक्षा (म्हणजे कड आत वळवण्यापेक्षा) जास्त मिळते. पुढचा फेंडर एकेरी पत्र्याचा, बोल्टवर बसवलेला असतो, तिथे फारसं बिघडत नाही. मागे मात्र बाहेरचा आणि आतला पत्रा त्या कडेवरच स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. ग्राइंडर फिरला की ती शिवणच उसवते. प्रायमर, अंडरबॉडी कोटिंग सगळं मारलं होतं. पहिला पावसाळा छान गेला. दुसऱ्या वर्षी गणपतीच्या सुमारास पांढऱ्या गाडीवर चाकामागून तांबडा ओघळ दिसला. पुसला, दुसऱ्या दिवशी परत हजर. घासून रंग मारला, पुढच्या पावसात पुन्हा तेच. गाडी विकेपर्यंत डिकीत एक फडकं त्या ओघळासाठीच होतं.

म्हणून या गाडीला रोल. चाक काढून हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, हत्यार बसवतात, त्याच्या दांड्याला नायलॉनचा रोलर असतो. हीट गनने पत्रा हात ठेववणार नाही इतका तापवायचा आणि कड चार-पाच फेऱ्यांत थोडी थोडी आत वळवायची. घाई केली तर रंग तडकतो, आणि मग गंज इथेही लागणारच. माझ्या गाडीला एका जागी केसाएवढी चीर गेली. तिथे टच-अप मारला, तीन पावसाळे झाले, अजून तरी ओघळ नाही. टायर आणि फेंडरच्या मध्ये पाइप घालून गाडी ढकलतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा, पत्र्याला लाटा येतात. आणि आधी कडेवर चुंबक फिरवा. चिकटला नाही तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे, ती वळवताना ढलप्यांनी पडेल. तशा गाडीला कापणंच बरं असेल कदाचित.

काम झालं की टायरच्या खांद्याला खडू फासा, मागे तिघांना बसवा आणि सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून दोन चकरा मारा. खडू पुसला गेला तर आणखी एक हात. माझा दुसऱ्या खेपेला तसाच राहिला.