नऊ किलो उतरले, १८,५४९ रुपये गेले

मला मधुमेह. समाजमंदिरात मोफत तपासणी, मग वजन उतरवून मधुमेह बरा करतो म्हणणारा एक पोरगा, 'वेलनेस कोच', मग त्याचा किट. त्यात मी कसा फसलो, तो हिशेब लिहितो. नोंदणी ५००, पहिला किट ७,८५०, 'बूस्टर' पावडर ६,२००, डिटॉक्स काढा ३,९९९. एकूण १८,५४९ रुपये, कापसाच्या चुकाऱ्यातले. सगळे फोनवरून एका बाईच्या खासगी खात्यात. पक्कं बिल नाही. पैसे खासगी खात्यात मागितले की तिथूनच उठून या.

लोक म्हणतात, शिकलेला माणूस असून कसा फसला? अहो, वजन उतरत होतं ना! ८६ चं ७७ झालं. पारावर लोक थांबवून विचारायचे, भाऊ, काय खाता? आणि डॉक्टर "वजन कमी करा" म्हणून मोकळे. कसं, ते सांगायला ओपीडीत वेळ कोणाला? त्या पोरानं तासभर बसून ऐकून घेतलं.

मग रात्री तहान वाढली. तांब्याभर पाणी पुरेना, सारखं उठणं. एका सकाळी बायको म्हणाली, "अवो, हे पाहा जी." न्हाणीच्या कोपऱ्यात, जिथं मी रात्री लघवीला बसलो होतो, तिथं मुंग्यांची रांग. मी पोराला फोन लावला. तो म्हणतो, "काका, जुनी साखर बाहेर पडून राहिली, चांगलं लक्षण आहे. डिटॉक्स चालू असताना शुगर मोजायचीच नाही, आकडा चुकतो." मोजायचीच नाही! मधुमेहाच्या माणसाला हे सांगणारा चोरच असणार, पण तेव्हा कानाला गोड लागलं.

ग्रामीण रुग्णालयात शुगर निघाली ४६८, लघवीत कीटोन, म्हणजे चरबी जळताना अंगात तयार होणारं आम्ल. मेटफॉर्मिन, माझी मधुमेहाची गोळी, त्या पोरानंच सोडायला लावली होती. डॉक्टर मॅडम चिडूनच बोलल्या : साखर लघवीवाटे जात होती आणि अंग स्वतःची चरबी आणि मांस जाळत होतं, म्हणून काटा उतरला. खरं उतरवायचं तर आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ, तेही गोळ्या न सोडता. ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी तर कोणाच्या सांगण्यावरून भाकर बंद करूच नये. शुगर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, चक्कर. आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाणं म्हणे सायबरकडं जा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर म्हणे, पैसे तुम्हीच खुशीनं पाठवले, माल मिळाला, मग फसवणूक कुठली? औषध प्रशासनाच्या कार्यालयात गेलो तर साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या खेपेला भेटले, तर म्हणे उघडलेला डबा चालत नाही, सीलबंद आणा. म्हणजे त्याच चोराला पुन्हा ६,२०० देऊ? मधुमेह बरा करतो अशा औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. त्या पोराचं पत्रक टेबलावर ठेवलं, त्यांनी उलटून पाहिलं नाही. डब्यावर बारीक अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही' छापलेलं होतं, वरून किमतीचं स्टिकर चिकटवलेलं. नखानं खरवडल्यावर दिसलं. तुम्ही आधीच खरवडा. चौदा आकडी परवाना नंबर दाखवतील, तो खाण्याच्या वस्तूचा असतो, औषधाचा नाही.

सरपंच म्हणतात, आम्ही फक्त जागा दिली.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. आजूबाजूच्या गावांत कोणाकडं त्या पोराचा न फोडलेला डबा किंवा हाती लिहिलेली चिठ्ठी असेल तर फेकू नका, मला कळवा. सगळे मिळून जाऊ.