व्हीसीव्ही रॅक: सात महिने आणि एक किक

ऐन लगीनसराईत माझ्या पॅड मशीनचं (पॅडवर मारून ढोल-ताशाचे आवाज काढायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र) किकचं, म्हणजे जाड 'धम्' ठोक्याचं, पॅड बिघडलं. दुरुस्तीवाल्याने सव्वा महिना ठेवून घेतलं, 'पार्ट मागवलाय' म्हणत राहिला आणि शेवटी अर्ध्या मशीनची किंमत सांगितली. मशीन उचलून अमळनेरला परत आणलं आणि त्याच रात्री व्हीसीव्ही रॅक, म्हणजे सुटे भाग (मॉड्यूल) पडद्यावरच्या केबलींनी जोडून आवाज घडवायचं सॉफ्टवेअर, लॅपटॉपवर उतरवून घेतलं. कारण एकच, फुकट होतं. आज सात महिने झाले.

किकची रीत अशी. व्हीसीओची (आवाजाची लाट काढणारं मॉड्यूल) साइन, म्हणजे साधी गोल लाट, ५० हर्ट्झवर, एक एन्व्हलप (ठोक्यागणिक चढून उतरणारा इशारा) व्हीसीएला, म्हणजे आवाज लहान-मोठा करणाऱ्या मॉड्यूलला, दुसरं अगदी आखूड एन्व्हलप पिच (सूर) वरून खाली आणायला. हे उतरणं फार मोलाचं. ढोलावर टिपरू जोरात पडलं की कातडं क्षणभर ताणतं, सूर चढतो आणि लगेच उतरतो. तो 'धम्' पहिल्याच रात्री मिळाला, मी खूश.

दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून ऐकलं तर प्रत्येक ठोका निराळा. एक गुबगुबीत, पुढच्याला सुरुवातीलाच 'टक्', तिसरा पोकळ. आमच्या बँजो पार्टीत ढोल वाजवणारे काका शेजारी बसले होते. म्हणाले, "चार जण वाजवताहेत का रे?" तीन महिने मी या एकाच गोष्टीमागे लागलो. बफर, सॅम्पल रेट अशी ऑडिओची सेटिंग्ज बदलली, जुन्या लॅपटॉपला दोष दिला, शेवटी 'फुकटचं ते असंच' असं ठरवूनही टाकलं.

ते मत आता मागे घेतो. स्कोप (लाटेचं चित्र दाखवणारं मॉड्यूल) लावून ठोका जवळून पाहिला तेव्हा उलगडा झाला. व्हीसीओ कधी थांबतच नाही. व्हीसीए बंद असला तरी आत लाट फिरतच असते. ५० हर्ट्झची एक लाट २० मिलिसेकंदांची. ठोका पडतो तेव्हा ती शून्यावर असेल तर सुरुवात मऊ, टोकावर असेल तर 'टक्'. खऱ्या ढोलाचं कातडं मारेपर्यंत गप्प असतं. १९८० सालच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनमध्येही किकचं सर्किट तसंच गप्प असतं, एका पल्सने त्याला टोला बसतो आणि ते घुमत घुमत विझतं. म्हणून तिचा प्रत्येक ठोका सारखा येतो.

उपाय एका केबलचा. जो गेट (ठोका पडल्याचा इशारा) एन्व्हलपला जातो, तोच व्हीसीओच्या सिंकला, म्हणजे लाट पहिल्यापासून सुरू करणाऱ्या इनपुटला, द्यायचा. फक्त गेट ० ते १० व्होल्टचा असतो आणि सिंक शून्य ओलांडण्याची वाट बघतो, म्हणून ऑफसेटने ५ व्होल्ट खाली सरकवून दिला. आता दर ठोक्याला लाट पहिल्यापासून सुरू होते. काकांनी डोळे मिटून आठ ठोके ऐकले. अहिराणीत म्हणाले, "हाऊ ते ढोल शे!"

स्नेअर (खरखरत्या आवाजाचा ड्रम) सोपा: दोन साइन, वर फिल्टरमधून गाळलेला नॉइज, म्हणजे 'श्श' असा खरखराट. हॅटसाठी (झांजेसारखा 'छिस्' आवाज) ८०८ सारखे सहा स्क्वेअर (चौकोनी लाटेचे) व्हीसीओ लावले तर मे महिन्याच्या उन्हात लॅपटॉपचा पंखा किंचाळायला लागला. हाय-पास केलेल्या (जाड सूर गाळून टाकलेल्या) नॉइजवर भागवलं, मंडपात कुणाला फरक कळत नाही. व्ह्यू मेन्यूतून फ्रेम रेट कमी केला तेव्हा आणखी थोडा दिलासा मिळाला.

प्रो आवृत्ती घेतली नाही. ती विकत घ्यावी लागते, आणि तिचा मोठा फायदा म्हणजे डॉमध्ये (गाणं रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्लगइन म्हणून चालणं. मी फुकटच्या रेकॉर्डर मॉड्यूलने ठोके उतरवतो आणि मशीनच्या जिवंत पॅडवर वाजवतो. दुरुस्तीचे पैसे वाचले ते वाचलेच.

अडलंय ते ढोलकीपाशी. बायावर (ढोलकीच्या जाड आवाजाच्या तोंडावर) तळहात घासून सूर वर खेचतात ना, ते जमत नाही. कीबोर्डचं पिच व्हील (सूर वर-खाली करायचं चाक) जोडून पाहिलं. सूर चढतो, पण कातड्यावर हात घासल्याची खरखर त्यात नाही. तिथे नॉइज कधी आणि किती सोडायचा, यावर रोज जेवणानंतर तासभर जातोय.