होतो तिथे परत यायचंय: एफटेल की एफगेटपॉस?

फाइल वाचता वाचता पुढच्या ओळीत डोकावायचं आणि ती आपल्या कामाची नसेल तर होतो तिथे परत यायचं, ही गरज पार्सर (मजकुराची रचना उलगडणारा प्रोग्रॅम) लिहिणाऱ्याला हमखास पडते. सी भाषेत त्यासाठी फंक्शनच्या दोन जोड्या आहेत, प्रत्येकीत पहिलं फाइलमधली सध्याची जागा सांगतं आणि दुसरं तिथे नेतं: जुनी एफटेल-एफसीक आणि 1989 च्या ॲन्सी मानकात आलेली एफगेटपॉस-एफसेटपॉस.

एफटेल साधा लाँग (सीमधला पूर्णांकाचा एक प्रकार) आकडा देतं. बायनरी फाइलमध्ये तो सुरुवातीपासूनच्या बाइटांचा हिशेब असतो. त्यात 64 मिळवा, दोन आकडे वजा करून रेकॉर्डची लांबी काढा, इंडेक्समध्ये लिहून ठेवा, सगळं चालतं. टेक्स्ट मोडमध्ये मात्र हे गणित करू नका. तिथे तो आकडा एफसीकला जसाच्या तसा परत द्यायचा, एवढीच मानकाची हमी आहे.

खरी गोम लाँगच्या आकारात आहे. 64 बिट लिनक्सवर तो 64 बिटांचा, पण 64 बिट विंडोजवर 32 बिटांचाच. 2,147,483,647 च्या पलीकडची जागा त्यात मावत नाही. 3 जीबीच्या लॉग फाइलमध्ये तेवढं पुढे गेलात की एफटेल -1 देतं. तो न तपासता एफसीकला दिला तर तेही फसतं आणि प्रोग्रॅम मागे न येता पुढेच वाचत सुटतो. कुठे एरर नाही, नुसत्या नोंदी गळतात. हे शोधण्यात माझे दोन दिवस गेलेत, म्हणून एवढं कळकळीने सांगतोय.

एफगेटपॉस जागा एफपॉस_टी प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवतं. त्याच्या आत हात घालायचा नाही; बेरीज नाही, तुलना नाही, डिस्कवर लिहून उद्या वापरणं नाही. ग्लिबसीमध्ये (लिनक्सवरची सीची लायब्ररी) ते स्ट्रक्चर आहे आणि त्यात जागेबरोबर मल्टिबाइट (एका अक्षराला अनेक बाइट) वाचनाची स्थितीही असते. आयएसओ-2022-जेपीसारख्या जपानी एन्कोडिंगमध्ये बाइटचा अर्थ आधीच्या शिफ्ट कोडवर ठरतो. तिथे नुसता आकडा अपुरा पडतो.

एंड ऑफ फाइलचा फ्लॅग दोन्ही जोड्या पुसतात, अनगेटसी या फंक्शनने वाचून परत ढकललेलं अक्षरही टाकून देतात. पाइपवर (एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात वाहणाऱ्या डेटावर) दोन्ही चालत नाहीत.

फक्त परत यायचं असेल तर मी डोळे झाकून एफगेटपॉस घेतो. आकडेमोड हवी आणि फाइल मोठी असेल, तर लिनक्सवर एफटेलो-एफसीको, विंडोजवर _एफटेलआय64 आणि _एफसीकआय64 ही मोठा आकडा पेलणारी रूपं. मात्र एफसेटपॉसने शून्य दिलं का, हे पाहिल्याशिवाय पुढची ओळ वाचू नका.