कूलरच्या बोर्डाची हरवलेली भोकं: कीकॅडचे आठ महिने

गेल्या गणपतीत लॅपटॉपवर कीकॅड ९ टाकलं (सर्किट बोर्डाचं डिझाइन काढायचं फुकटचं सॉफ्टवेअर), आता मे उजाडला. एवढ्या काळात त्यावर कूलरच्या पंपाच्या टायमरचे तीन बोर्ड काढले. नागपुरात होळीच्या आसपास लोक कूलर बाहेर काढून ताट्या बदलतात, म्हणून माझा माल त्याआधी दुकानांत जायला हवा. पार्ट सीताबर्डीतून आणतो, बोर्ड बाहेरगावच्या पीसीबीवाल्याकडून बनवून घेतो.

पहिला लॉट ५० चा होता. आमचा पोरगा बोर्ड डब्यात बसवायला बसला आणि म्हणाला, "भाऊ, याले त भोकंच नाहीत!"

रिलेची (पंप चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच), टर्मिनलची भोकं जागच्या जागी. चार कोपऱ्यांतली स्क्रूची तेवढी गायब.

कीकॅडमध्ये 'प्लॉट' दाबलं की गर्बर फाइली निघतात, म्हणजे पीसीबीवाल्यासाठी एकेका थराचं चित्र: तांबं, मास्क (तांब्यावरचा रंगाचा थर), सिल्क (वर छापलेली अक्षरं), बोर्डाची कड. भोकं त्यात नसतात. त्यासाठी ड्रिल फाइलचं वेगळं बटण आहे. इथवर मला माहीत होतं. पण ड्रिलच्याही दोन फाइली निघतात: आतून तांबं चढवायच्या भोकांची पीटीएच आणि कोऱ्या भोकांची एनपीटीएच. स्क्रूची भोकं दुसरीत होती. झिप करताना मला ती जुनी कॉपी वाटली आणि मी ती वगळली. पीसीबीवाल्यानं मिळालं तेच बनवलं, त्याला काय बोलणार? मग २०० भोकं ३.२ मिमीच्या बिटनं हातानं पाडली. एफआर-४ ची, म्हणजे बोर्डाच्या काचतंतूच्या पत्र्याची, भुकटी दोन दिवस मनगटाला खाजत होती. तीन बोर्डांवर बिट सरकला आणि ट्रॅक, म्हणजे तांब्याची रेघ, गेला.

दोन्ही प्रकारची भोकं एकाच फाइलमध्ये काढायचा पर्यायही तिथंच आहे, पण तो आपल्या पीसीबीवाल्याला चालतो का, हे विचारूनच वापरावा.

चकवलं ते कीकॅडमधल्या बोर्डाच्या थ्रीडी चित्रानं. त्यात चारही भोकं झकास दिसत होती. ते चित्र मूळ डिझाइनवरून बनतं, बाहेर काढलेल्या फाइलींशी त्याचा संबंध नाही. तपासायचं तर कीकॅडसोबतच येणारं गर्बव्ह्यू (गर्बर आणि ड्रिल फाइली बघायचा प्रोग्राम) उघडावं, आणि त्यात फोल्डर नव्हे, जी झिप पाठवणार तीच टाकावी. आधी मी फोल्डर बघायचो, पाठवायचो झिप.

दुसऱ्या बोर्डात या सवयीनं वाचवलं. रिलेखाली २३० व्होल्टची आणि ५ व्होल्टची बाजू वेगळी ठेवायला मी खाच काढली होती, पण ती ड्रॉइंगच्या थरावर. कापायच्या रेषा 'एज कट्स'वरच लागतात. गर्बव्ह्यूत बाहेरची कड दिसली, खाच दिसली नाही. हे बोर्ड लोकांच्या घरी पाण्याशेजारी चालतात, त्यामुळे अंगावर काटाच आला.

बाकीचं किरकोळ. रेझिस्टरच्या किमती (रुपयांतल्या नव्हे, ओहममधल्या) छापून आल्या नाहीत, कारण कीकॅडच्या तयार फुटप्रिंटमध्ये (पार्टच्या बोर्डावरच्या आराखड्यात) किंमत 'फॅब' थरावर असते, सिल्कवर फक्त आर१, आर२. हवी असेल तर तो मजकूर सिल्कवर हलवा. एकदा गर्बव्ह्यूत सगळी भोकं पॅडपासून (पार्टचे पाय जोडायच्या तांब्याच्या ठिपक्यांपासून) सारखीच सरकलेली दिसली: गर्बर काढताना ड्रिल ओरिजिन (मापं जिथून मोजतात तो बिंदू) वापरायची खूण केली होती, ड्रिल काढताना विसरलो. दोन्हीकडे ओरिजिन एकच ठेवायचा. ट्रॅक हलवल्यावर ग्राउंडचा झोन (मोकळ्या जागेत भरलेलं तांबं) पुन्हा भरायला 'बी' दाबतो, आणि प्लॉटच्या खिडकीतली झोन तपासायची खूणही चालूच ठेवतो.

२०२५ च्या या आवृत्तीत जॉबसेट आले, आणि माझ्यासाठी पैसे वसूल तिथंच झाले (दिले एक रुपयाही नाहीत, तरी). गर्बर आणि ड्रिल, दोन्ही कामं एकदा लिहून ठेवली की एका क्लिकमध्ये सगळं निघून झिपही बनते. हातानं फाइल निवडायची वेळच येत नाही. थोडी कुरकुर आहे: पहिल्यांदा ते मांडायला अख्खी संध्याकाळ गेली, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर थ्रीडी चित्र फिरवलं की पंखा घरघरतो.

तिसऱ्या लॉटची झिप मागच्या सोमवारी गेली. पाठवण्याआधी पोरानं गर्बव्ह्यूत स्क्रीनला बोट लावून कोपरे मोजले.